काशीराम भोईरच्या तीन मुलाखती

९ ऑगस्ट १९९३, सोमवार. साडेचौदा रुपये.

चार चहाचे दहा आणि बिस्किटांच्या एका पुड्याचे साडेचार. व्हाउचर अजून माझ्याकडे आहे. त्यावर काशीराम भोईरची सही आहे आणि त्याखाली माझ्या लाल शाईत ‘नामंजूर’ असा शेरा आहे. त्या दिवशी काशीराम रजेवर होता आणि रजेवरच्या कर्मचाऱ्याला किरकोळ खर्चातून पैसे देता येत नाहीत, असं कारणही मी लिहून ठेवलं आहे. नियम तसाच होता. काशीराम रजेवर होता, कारण त्या दिवशी त्याची मुलाखत होती. आणि तो चहा त्याने स्वतःच्या मुलाखतीतून उठून जाऊन आणला होता.

आमची सहकारी बँक लहान. माणिकपूरला तळमजल्यावर शाखा आणि वर मुख्य कार्यालय. मी लेखा विभागात होतो आणि मुलाखत समितीचा सचिव म्हणून खोलीत बसायचो. कागद पुढे करायचे, गुण टिपून घ्यायचे, एवढंच माझं काम. गुण देण्याचा अधिकार तिघांना होता. अध्यक्ष राऊतसाहेब, सरव्यवस्थापक, आणि संचालक मंडळावरच्या नंदाखालच्या हिल्डा लोपीस, ज्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. सगळे त्यांना लोपीसबाई म्हणत.

काशीराम एकोणऐंशी सालापासून आमचा शिपाई. नायगावच्या खाडीकडच्या गावातला. घरची थोडी भातशेती, वडील मिठागरावर जायचे. हा दहावी पास, अक्षर टपोरं, आणि स्वच्छ धुतलेला गणवेश. वरच्या मजल्यावर, मुलाखतीच्या खोलीबाहेर त्याचं स्टूल होतं आणि स्टुलाच्या डोक्यावर घंटी. राऊतसाहेबांच्या टेबलाखालचं बटण दाबलं की ती वाजायची आणि ती पुरती वाजून व्हायच्या आत काशीराम दारात असायचा.

बँकेत शिपायाला क्लार्क होण्याची वाट होती. दहावी पास, दहा वर्षं नोकरी, वय पंचेचाळीसच्या आत, लेखी परीक्षा आणि मुलाखत. संधी तीन. काशीराम पहिल्यांदा बसला तेव्हा चाळीस वर्षांचा होता. लेखी परीक्षेत तो पहिला आला. मुलाखतीला तो आत आला, नमस्कार केला आणि उभा राहिला. राऊतसाहेब कुठलीशी फाइल चाळत होते. दारात काशीराम दिसला म्हणून, वर न पाहता, चौदा वर्षांच्या सवयीने त्यांनी सांगितलं, की चार चहा सांग, सोबत काहीतरी खायला. काशीराम ‘हो साहेब’ म्हणाला आणि गेला. चहा घेऊन आला तेव्हा पुढचा उमेदवार आत बसला होता. चूक लक्षात आल्यावर साहेबांनी त्याला शेवटी पुन्हा बोलावलं, पण तोवर तो पुरता शिपाई झाला होता. हातात रिकामा ट्रे धरून, उभ्याने त्याने तीन प्रश्नांची उत्तरं दिली. तिन्हींना ‘हो साहेब’.

खोलीत आम्ही माणसं पाच होतो. चहा चार होते. हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

गंमत अशी, की मुलाखतीत माणसं काय चुका करतात हे काशीरामइतकं आमच्या बँकेत कोणालाच माहीत नव्हतं. दरवर्षी भरती व्हायची. उमेदवार त्याच्या स्टुलासमोरच्या बाकावर बसायचे आणि आतलं अर्धं बोलणं दारातून बाहेर ऐकू यायचं. आत काय झालं ते तो ऐकायचा आणि बाहेर आलेल्या माणसाचं तोंड बघायचा. दोन्हींचा मेळ त्याने पंधरा वर्षं मनात घातला होता.

चौऱ्याण्णवच्या भरतीत नालासोपाऱ्याची सुरुची नावाची मुलगी आली होती. कॉमर्स झालेली, हुशार, पण सोबत वडील. बाकावर तिला कोणी नाव विचारलं तरी वडील सांगत. काशीरामने आधी वडिलांना खाली धाडलं. रिक्षास्टँडजवळ चहा चांगला मिळतो, म्हणाला, आणि इथे वर गर्दी नको असं साहेबांनी सांगितलंय. साहेबांनी काही सांगितलं नव्हतं. मग मुलीला हळूच सांगितलं, की खुर्ची ओढायची नाही, उचलून मागे घ्यायची, फरशीवर कर्र वाजलं की राऊतसाहेबांच्या कपाळाला पहिली आठी पडते. आधीच्या नोकरीबद्दल विचारलं तर तिथल्या मालकाला नावं ठेवायची नाहीत, कारण ऐकणाऱ्याला वाटतं, उद्या ही आपल्यालाही ठेवील. आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. सकाळीच एका मुलाने बँकेच्या स्थापनेचं साल तीनदा बदललं होतं आणि प्रत्येक वेळी साहेबांचा चेहरा बघून.

सुरुची लागली. पहिला पगार झाला तेव्हा तिने काशीरामला पेढे दिले आणि त्या दिवसापासून त्याला काशीरामकाका म्हणू लागली.

पंच्याण्णवच्या जूनमध्ये काशीरामची दुसरी मुलाखत झाली. या वेळी साहेबांनी चहा सांगितला नाही. उलट ‘बस’ म्हणाले. काशीराम ‘असू द्या साहेब’ म्हणाला आणि खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून मागे उभा राहिला. त्याने स्टेशनबाहेरच्या ठेल्यावरून मुलाखतीचं एक मार्गदर्शक पुस्तक घेतलं होतं आणि महिनाभर पाठ केलं होतं. स्वतःबद्दल सांगा, म्हटल्यावर त्याने नेतृत्वगुण, ध्येयनिष्ठा आणि गतिमान प्रशासन असं एका दमात म्हणून दाखवलं. लोपीसबाईंना दया आली असावी. त्याला मोकळं करावं म्हणून त्यांनी विचारलं, की तुमच्याकडे मिठागराचं काम कधी सुरू होतं. ज्या माणसाचं लहानपण मिठागरात गेलं, त्याने या प्रश्नाला पुस्तकातलं पुढचं उत्तर दिलं, की मी आव्हानांकडे संधी म्हणून पाहतो.

सुरुचीला हे त्याने दाराशी कधीच करू दिलं नसतं.

मग दोन वर्षं भरती निघाली नाही. सत्त्याण्णवच्या दसऱ्याच्या सुमारास परिपत्रक आलं. काशीरामला चव्वेचाळीस पूर्ण होत होती. ही संधी गेली तर वयाने वाट बंद होणार होती आणि पुढची चौदा वर्षं स्टूल. परिपत्रक फलकावर त्यानेच लावलं. चारी टाचण्या सारख्या अंतरावर लावल्या आणि अर्जाबद्दल कोणाला काही बोलला नाही. मुदतीला दोन दिवस राहिले तरी त्याचा अर्ज माझ्याकडे आला नव्हता.

सुरुची माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, “साहेब, काका या वेळी बसतच नाहीयेत. दोनदा तमाशा झाला, तिसरा नको म्हणतात.”

मी त्याला बोलावलं. क्लार्क का व्हायचंय हे मी त्याला तोवर कधी विचारलं नव्हतं. पगाराचं सांगेल अशी माझी अपेक्षा. तो म्हणाला की सोमवारी खाडीकडची माणसं पैसे काढायला येतात, बायाच जास्त. त्यांना स्लिप भरता येत नाही. काउंटरवर गेल्या की त्यांना बाजूला उभं करतात. म्हणून तो सकाळीच जिन्याखाली बसून त्यांच्या स्लिपा भरून देतो. वीस-पंचवीस होतात. कधीतरी काचेच्या त्या बाजूला बसून हेच काम करावं असं त्याला वाटायचं.

मी विचारलं, हे त्याने मुलाखतीत का नाही सांगितलं. तो घाबरला. शिपायाने खातेदाराच्या कागदाला हात लावायचा नसतो, हे सांगितलं तर मेमो मिळेल, म्हणाला. मी सांगितलं की अर्ज भर. अर्ज भरलास तर रोज संध्याकाळी, कॅश जुळल्यावर, दहा मिनिटं माझ्यासमोर बसायचं.

अध्यक्षांना मी हे आधी कळवलं. मला गुण द्यायचे नव्हते, तरी कळवलेलं बरं.

पहिल्या संध्याकाळी मुलाखतीच्याच खोलीत, राऊतसाहेबांच्या टेबलामागे बसून मी ‘बस’ म्हटलं. तो बसला म्हणजे खुर्चीच्या पुढच्या चार बोटांवर टेकला. मी नाव विचारलं, त्याने सांगितलं. मग मी मुद्दाम घंटीचं बटण दाबलं. मी बोट उचलायच्या आत तो दारात होता. तिथून वळून माझ्याकडे बघितलं, हसला आणि परत येऊन टेकला. त्या दिवशी चार वेळा घंटी वाजवली आणि चारही वेळा तो उठला.

असे दहा-बारा दिवस गेले. एका रविवारी मी त्याच्या घरी गेलो होतो, तेव्हा त्याच्या बायकोला, जयवंतीला, हा प्रकार सांगितला. ती चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. तिने मान वर केली नाही.

“तुमच्यासमोर काय, हे घरी तरी कुठं बसतात? जेवताना पन एक गुडघा वर. कोन हाक मारील, काय नेम.”

काशीराम पानावरून म्हणाला, की तूच मारतेस. तेव्हा ती हसली.

सोमवारपासून सुरुचीही थांबू लागली. ती समितीसारखी समोर बसून प्रश्न विचारायची आणि तो पुस्तकातलं बोलू लागला की पेन्सिलीने टेबल वाजवायची. स्लिपांचं आत सांगायलाच हवं, असा तिचा आग्रह होता. तो नाही म्हणाला, तेव्हा ती म्हणाली, “काका, तुमच्या अक्षरातली स्लिप माझ्याकडे आली ना, की मी नुसती सही ताडते, बाकी न बघता पुढे सरकवते.” ती चुकीचं करत होती. हे वाक्य आपण ऐकलं नाही असं मी त्या वेळी ठरवलं.

हळूहळू काशीराम खुर्चीत मागे सरकला. घंटी वाजली तरी उठेना. पण टेबलाखाली वाकून पाहिलं तर टाचा जमिनीवरून उचललेल्या असायच्या. माणूस बसलेला आणि पाय निघालेले.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सहामाही तपासणीचं काम होतं आणि मी सकाळपासून आकड्यांत होतो. संध्याकाळी तो समोर बसला. मी दोन प्रश्न विचारले आणि मग घसा कोरडा पडला म्हणून म्हणालो, की काशीराम, जरा पाणी दे.

तो उठला नाही. माझ्याकडे नीट बघत त्याने विचारलं, “साहेब, हे परीक्षेतलं का खरं?”

ते खरं होतं. मी तसं सांगितलं. मग मी उठलो, पॅसेजमधल्या माठातून दोन पेले भरून आणले, एक त्याच्यापुढे ठेवला. त्याने लगेच उचलला नाही. सुरुची खिडकीबाहेर बघत होती. अठरा वर्षं तो माझ्यासमोर होता आणि त्या ऑक्टोबरपूर्वी मी त्याला एकदाही बस म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. आम्ही त्याच्या चुकीवर उपाय शोधत होतो आणि त्यातली निम्मी चूक माझ्या बाजूच्या खुर्चीत होती.

काशीराम पाणी प्यायला. त्याने पेला खाली ठेवला तेव्हा मी टेबलाखाली पाहिलं. चपला जमिनीला टेकल्या होत्या.

मुलाखती १७ नोव्हेंबरला, सोमवारी होत्या. उमेदवार सात, जागा दोन. काशीराम त्या दिवशीही सकाळी जिन्याखाली बसून स्लिपा भरत होता. मी रागावलो, तेव्हा म्हणाला, की रजा दुपारची टाकलीय साहेब, सकाळची नाही. दुपारी त्याच्या स्टुलावर शाखेचे वॉचमन वॉल्टर यांना बसवलं होतं. वॉल्टर साठीला आलेले, भले गृहस्थ, पण एका जागी बसणं त्यांनाही जमत नसे.

काशीरामचा नंबर चौथा. आत आला, नमस्कार केला, खुर्ची उचलून मागे घेतली. राऊतसाहेब बस म्हणाले आणि तो बसला. पाठ टेकवून बसला. लोपीसबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. पहिले दोन-तीन प्रश्न सोपे होते, नाव-गाव, किती वर्षं नोकरी. त्याने विचारलं तेवढंच सांगितलं.

मग राऊतसाहेबांना कसला तरी कागद हवा झाला. बोलता बोलता त्यांनी टेबलाखालचं बटण दाबलं.

बाहेर घंटी वाजली. वॉल्टर जागेवर नव्हते. साहेबांनी पुन्हा दाबलं. आत बसलेला माणूस काशीराम होता आणि बाहेर वाजत होती ती काशीरामची घंटी. त्याचे हात गुडघ्यांवर होते आणि बोटं आखडलेली दिसत होती. तिसऱ्यांदा साहेबांनी बटण धरून ठेवलं, दाराकडे बघितलं, मग सवयीने नजर त्याच्याकडे वळली.

“काशीराम, जरा बाहेर...”

आणि ते थांबले. कदाचित त्यांना ते चार चहा आठवले असतील. पण वाक्य तर अर्धं बाहेर पडलं होतं. मी टेबलाखाली बघायचं टाळलं.

काशीराम म्हणाला, “साहेब, वॉल्टर खाली गेले असतील, येतील. मी आता उमेदवार आहे. माझं झालं की लगेच बघतो.”

आवाज चढला नव्हता की पडला नव्हता. सरव्यवस्थापकांनी पेन खाली ठेवलं. लोपीसबाई म्हणाल्या, “मग आपण उमेदवाराशीच बोलू या.” आणि त्यांनी विचारलं, की क्लार्कचं काम तुम्हाला येतं हे आम्ही कशावरून मानायचं.

त्याने स्लिपांचं सांगितलं. कोण येतं, किती येतात, अंगठा असेल तर तो काय करतो, खाते क्रमांक पासबुकावरून दोनदा कसा ताडतो. सरव्यवस्थापकांनी विचारलं, हे कोणत्या नियमात बसतं. “नियमात नाही बसत,” तो म्हणाला. “ते चुकलं असेल तर माझं चुकलं. पन गेल्या तीन वर्षांत माझ्या हातची एक स्लिप परत आलेली नाही, ते तुम्ही खाली विचारा.” मग क्लिअरिंगमधून परत आलेल्या चेकची नोंद कशी करतात, असा प्रश्न आला. ते त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही, असं तो म्हणाला, कोणाच्या चेहऱ्याकडे न बघता.

शेवटी लोपीसबाईंनी विचारलं, की मिठागराचं काम कधी सुरू होतं. हा प्रश्न त्या दोन वर्षं राखून होत्या की काय, कोण जाणे. तो हसला आणि सांगू लागला, की पाऊस संपला की आधी बांध दुरुस्त करायचे, मग चिखल तुडवून तळ घट्ट करायचा, मग भरतीचं पानी घ्यायचं, आणि मीठ हाताला लागायला पुढे महिने जातात. राऊतसाहेबांना त्याला थांबवावं लागलं.

तो उठला, खुर्ची उचलून जागेवर ठेवली आणि बाहेर गेला. दोन मिनिटांनी दारावर टकटक झाली. काशीराम पाण्याचा तांब्या आणि वॉल्टरना घेऊन आत आला. म्हणाला, की झालं होतं माझं, म्हणून. वॉल्टरना त्याने साहेबांसमोर उभं केलं, तांब्या ठेवला आणि गेला.

निकाल १ डिसेंबरला लागला. तो एका गुणाने दुसरा आला. फलकावर कागद लावायला कोणी नव्हतं, म्हणून मी लावला. माझ्या टाचण्या वाकड्या लागल्या आणि संध्याकाळी पाहिलं तर कोणीतरी त्या सारख्या केल्या होत्या.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत त्याला नालासोपारा शाखा मिळाली. बचत खात्याचा काउंटर. क्लार्कला आमच्याकडे आडनावाने हाक मारतात, त्यामुळे तो भोईर झाला आणि मी त्याला अहो-जाहो करू लागलो. आम्हा दोघांना सवय व्हायला वर्ष गेलं. स्लिपांवरून मेमो आला नाही. सरव्यवस्थापकांनी प्रत्येक शाखेत सोमवारी एका माणसाने स्लिपा भरून द्याव्यात असं परिपत्रक काढलं. त्यात भोईरांचं नाव नव्हतं, त्यांनीही कधी विचारलं नाही.

नालासोपारा शाखेत त्यांनी शाखाधिकाऱ्यांच्या मागे लागून काउंटरसमोर एक बाक टाकून घेतला आहे. म्हातारं माणूस आलं की आधी बसा म्हणतात, मग काम विचारतात. रांगेतली तरुण मुलं कुरकुरतात. आता कॉम्प्युटर आले, भोईर तोही दोन बोटांनी चालवतात. भरतीची जाहिरात निघाली की आसपासच्या इमारतींतली मुलं-मुली फॉर्म घेऊन त्यांच्याकडे येतात. ते फार काही शिकवत नाहीत. समोर खुर्ची ठेवतात, बसवतात आणि जे काम खरोखर केलंय ते सांग म्हणतात. आईच्या शिवणकामाची मापं लिहून घेत असशील तर तेही सांग, म्हणतात. मध्येच फोन वाजला तर मुलगा काय करतो ते बघतात. सगळेच लागतात असं नाही. गेल्या चार वर्षांतले पाच लागलेले मला माहीत आहेत.

मी येत्या मार्चअखेर निवृत्त होतो आहे. भोईरांची अजून तीन वर्षं आहेत. खण आवरताना ते व्हाउचर सापडलं. मी नालासोपाऱ्याला जाऊन त्यांच्या काउंटरवर सुटे साडेचौदा रुपये ठेवले. रांग होती. त्यांनी मला आधी बसा म्हटलं. मग व्हाउचर उलटसुलट पाहिलं, माझा लाल शेरा वाचला आणि म्हणाले, की साहेब, पंधरा वर्षांपूर्वीचं आहे, मंजुरीशिवाय मला घेता येणार नाही.

मंजुरी मिळालेली नाही. काशीराम भोईर यांना साडेचौदा रुपये देणं बाकी आहे.